खाप्र्याला मीठ चालत नाही

भर दुपारची वेळ वाईट असते, हे एकनाथला ओमानात येऊन कोणी शिकवायला नको होतं. तो वेंगुर्ल्याकडचा. तिकडे शेंबडं पोरसुद्धा दुपारच्या उन्हात पाणंदीतून एकटं जात नाही. पण खाबुऱ्याच्या किनाऱ्यावर दुपारी सगळी दुकानं बंद होतात, आणि एकनाथसारख्या शिंप्याला जेवायला खोलीवर जायचं तर वाट एकच होती, मेलेल्या खजुरांमधून. समुद्राचं पाणी जमिनीखालून आत घुसलं, विहिरी खारट झाल्या आणि खजुरांचे शेंडे गळून पडले. उरले नुसते बुंधे. त्यांच्या मधोमध एक जुनी विहीर होती, आणि त्या दिवशी तिच्या कठड्यावर एक म्हातारा बसला होता.

म्हातारा काळा होता. कुडता घोट्यापर्यंत लांब, खालून चिखलाच्या रंगाचा झालेला, हातात काठी. तो एकनाथकडे टक लावून पाहत होता. एवढ्याने एकनाथ घाबरला नसता, कारण समुद्राकडच्या त्या वस्तीत सगळेच काळे. त्यांचे आजे-पणजे झांजिबारकडून गलबतांत घालून आणलेले. पण समोरून वस्तीतल्याच दोन बायका मासळीची बादली घेऊन आल्या आणि म्हाताऱ्याच्या हातभर अंतरावरून गेल्या. सलाम नाही, मान हलवणं नाही. ज्या वस्तीत दारातल्या मांजरालाही खुशाली विचारतात, तिथे त्या दोघी त्याच्याकडे न बघता पुटपुटत झपाझप निघून गेल्या.

एकनाथने मनाशी हिशेब मांडला. त्यांना हा दिसला नाही. मला दिसला. म्हणजे हा खाप्री.

खाप्री कोण, हे वेंगुर्ल्याच्या बाहेर सांगावं लागतं. फिरंग्यांच्या काळात जहाजांवरून हबशी गुलाम आणायचे. त्यातला कुणी किनाऱ्यावर मेला की त्याचं भूत व्हायचं आणि गावाची वेस राखत बसायचं, असं म्हणतात. एकनाथच्या गावात त्याला रोट आणि विडी ठेवतात. तो राखण करतो, आणि चुकलं तर झोडपतो. हा गुलाम मुळात कोण होता, कुठल्या आईचा, हे गावात कधी कोणी विचारलं नव्हतं. भुताला कोण विचारतो?

संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. बायको जयवंती अशा बाबतींत एकदम पक्की. "भियां नुकात," ती म्हणाली, "राखणदार आसा तो. दिसलो ता बराच झाला. तेका पान ठेवा. पण अळणी. खाप्र्याक मीठ चलना नाय, मीठ घातलात तर उलटता. पान ठेवलात की पाठी वळान बघू नुकात. आणि नाव तर अजिबात इचारू नुकात. नाव इचारला की मानगुटीर बसता."

झालं. एकनाथ दुसऱ्या दिवसापासून दोन पातेल्यांत भात लावू लागला, एक आपला आणि एक बिनमिठाचा. मासासुद्धा वेगळा. दुपारी ताटली कठड्यावर ठेवायची, बाजूला सिगरेट, आणि मनातल्या मनात गाऱ्हाणं घालायचं: बा देवा म्हाराजा, धंद्यात बरकत दे, मालकाची मर्जी सांभाळ, व्हय म्हाराजा. मग वळून चालू लागायचं. परत येताना ताटली रिकामी. कधी म्हातारा दिसे, कधी नुसती ताटली. भाताचं एक शीतही उरलेलं नसे, आणि ती पुसल्यासारखी ताटली पाहून त्याच्या अंगावर काटा यायचा.

आणि मजा अशी की गुण आला. आधी निझवा शहरात असताना त्याचं दुकान रखडत चालायचं. इथे शाहीन नावाच्या वादळानंतर आधीचा शिंपी कंटाळून गावी गेला, म्हणून हे दुकान मिळालेलं, आणि वर्षभरात गिऱ्हाइकांची रीघ लागली. निवडणूकही आली होती. वस्तीतल्या प्रत्येकाला नवा दिशदाशा, म्हणजे तो लांब पांढरा कुडता, हवा होता. एकनाथ गळ्याशी गोंडा लावून लावून थकून गेला. श्रेय सगळं खाप्र्याला. गुरुवारी तो त्याला बिर्याणी ठेवू लागला. तीही अळणी. बिर्याणीची इतकी विटंबना अख्ख्या बातिना किनाऱ्यावर कोणी केली नसेल.

निवडणूक नगर मजलिसची होती, रस्ते-गटारं-दिव्यांची. पण खरी गोष्ट वेगळीच होती. एकनाथचा अर्बाब, ज्याच्या नावावर दुकान आणि ज्याच्या हातात त्याचा विझा, तो सुफियान. त्याचं घराणं आतल्या बाजूला, गोड्या विहिरींवर. पूर्वी त्याच्या आज्याच्या मालकीची माणसं होती. आता कायद्याने सगळे सारखे, एकाच रंगाचं ओळखपत्र. तरी सुफियान वस्तीतल्या लोकांना "आमची माणसं" म्हणायचा, आणि त्यातल्या "आमची"चा सूर एकनाथला चांगला कळायचा, कारण तोही त्यातच धरलेला होता. वस्ती आजवर सुफियान सांगेल त्याला मत देत आली. यंदा पहिल्यांदा वस्तीतूनच कोणी उभं राहिलं होतं: खुदेजा, शाळेतली मास्तरीण. किनाऱ्यावरून मोठा रस्ता जाणार होता, आणि कुठली घरं जाणार, कुणाला बदल्यात जागा मिळणार, याच्यावर ती बोलायची. तिचा बाप मरजान जुना खलाशी, शाहीनच्या वादळात वाहून गेलेला. त्याची कबर वस्तीच्या कबरस्तानात होती. एवढं एकनाथला ठाऊक होतं.

त्या दिवशी त्याने ताटली ठेवली, गाऱ्हाणं घातलं आणि तो वळला. चार पावलं गेला असेल. मागून आवाज आला, जुन्या, गंजलेल्या हिंदीत.

"भाई, नमक किधर है?"

एकनाथ जागीच थांबला. वारा पडलेला होता. बुंध्यांमधून समुद्राचा आवाज येत होता, बाकी काही नाही.

"रोज खाना लाता है. रोज नमक नहीं," मागचा आवाज म्हणाला. "गरीब है तू? या बीमार है?"

पाठी वळून बघायचं नाही. जयवंतीने सतरांदा बजावलं होतं. पण भूत मीठ कशाला मागेल? त्या प्रश्नाने त्याची मान आपोआप वळली. इतके महिने ज्याला जेवू घातलं त्याच्याकडे त्याने तेव्हा पहिल्यांदा धड पाहिलं. म्हाताऱ्याच्या कपाळावर घाम होता. डोळ्याच्या कडेला माशी बसत होती आणि तो ती हाकलत होता. दाढीत भाताचं शीत. पायाला जखम, तिच्यावर कसलं तरी फडकं. हे भूत नव्हतं. हा उपाशी माणूस होता. एकनाथला इतकी लाज वाटली की त्याला क्षणभर भूतच परवडलं असतं.

"चाचा," तो कसाबसा म्हणाला, "नाम क्या आपका?"

 म्हाताऱ्याचे ओठ हलले, पण शब्द यायला वेळ लागला, बरेच दिवस न काढलेली वस्तू शोधावी तसा.

"मरजान," तो म्हणाला.

तरुणपणी गलबतावर तो मुंबईला यायचा, भाऊच्या धक्क्याजवळ राहायचा, हिंदी तिथली. वादळात पाण्याने त्याला वाडीच्या, म्हणजे एरवी कोरड्या असणाऱ्या नदीच्या, पात्रातून खेचत नेलं आणि पार लांब, आडरानात एका शेळ्या राखणाऱ्याच्या झोपडीशी टाकलं. पाय मोडला होता. बरा होऊन परत आला तोवर वस्तीने त्याला पुरलं होतं. "मेरा जनाजा पढ लिया," तो म्हणाला आणि हसला. ते हसणं एकनाथला ऐकवेना.

या किनाऱ्यावर लोक एका गोष्टीला फार भितात. जादूगार एखाद्या माणसाला उचलतो. घरचे त्याला मेला समजून पुरतात, पण कबरीत तो नसतोच. तो जादूगाराच्या शेतावर राबत असतो, अर्धा जिवंत, अर्धा मेलेला. त्याला मुघय्यब म्हणतात. तो कधीमधी जुन्या घराजवळ दिसतो, आणि दिसला तरी ओळख द्यायची नसते. दिली की तो आपल्यालाही घेऊन जातो. मरजान वस्तीत शिरला तेव्हा दारं धडाधड बंद झाली. पोरांनी खडे मारले. ज्या हातांनी त्याला खांदा दिला तेच हात कुराणावर ठेवून लोक थरथरत होते. सुफियानने मात्र त्याला आपल्या शेतावर झोपडी दिली. बकऱ्या सांभाळायच्या, दिवसा बाहेर फिरायचं नाही. पण दुपारी सगळे झोपले की त्याचे पाय विहिरीकडे वळायचे. तिथून त्याचं घर दिसायचं, समुद्राकाठच्या त्याच्या जमिनीवरचं, जिथून तो मोठा रस्ता जाणार होता.

दोन दिवसांनी सुफियानची पिकअप दुकानासमोर उभी राहिली. तो आत आला, पंख्याखाली बसला, चहाही घेतला. माणूस ओरडणारा नव्हता.

"माझ्या म्हाताऱ्याला तू जेवण देतोस," तो म्हणाला. "चांगलं करतोस. सवाब मिळेल तुला, पुण्य. त्याला सगळ्यांनी हाकललं, मी ठेवून घेतला, हे विसरू नकोस."

"अर्बाब, त्याची मुलगी इथेच..."

"तिचा बाप कबरीत आहे. सगळ्या गावाने माती दिली." त्याने पेला ठेवला. "मेलेल्या माणसाची समुद्रावर जमीन नसते, एकनाथ. भांडण नसतं. डोक्याला त्रास नसतो. तुझा विझा पुढच्या महिन्यात ना? होईल, इन्शाल्ला."

तो इन्शाल्ला एकनाथने नीट ओळखला. त्या रात्री त्याने भात तसाच झाकून ठेवला. फोनवर जयवंतीला सगळं सांगितलं. ती आधी म्हणाली, "तुमी गप रवा. आपल्याक काय करूचा आसा? चेडवाच्या कॉलेजाचे पैसे भरूचे आसत."  मग तिने विचारलं, "तेच्या चेडवाक म्हायत आसा?"

"नाय, लेकीक कायच म्हायत नाय."

"मगे कसली वाट बघतात?" असं म्हणून तिने फोन ठेवून दिला. एकनाथला बायकोचा राग आला आणि त्याच वेळी तिच्या पाया पडावंसं वाटलं.

खुदेजा शिवायला कापड घेऊन आली तेव्हा दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एकनाथने आडवळणं न घेता सांगून टाकलं: "उस्ताजा, बाई, तुमचे वडील जिवंत आहेत. मी त्यांना रोज बघतो."

तिचा चेहरा दगड झाला. "सुफियानने पाठवलंय तुला हे बोलायला? निवडणुकीआधी?" ती म्हणाली. "मी लोकांना सांगू माझा बाप मुघय्यब आहे, आणि त्यांनी मला मत द्यावं?"

"मला कोणी पाठवलं नाही. त्यांनी माझ्याकडे मीठ मागितलं."

तिने काउंटर घट्ट धरला. रस्त्यावरून तिच्याच प्रचाराची गाडी गेली, कर्ण्यातून तिचंच नाव घेत.  गाडी दूर गेल्यावर ती एकनाथकडे न बघता, भिंतीवरच्या कापडाच्या थानांकडे बघत बोलू लागली.

"तो आला होता. दफनानंतर. दुपारी. मी आतून कडी घातली आणि दाराला पाठ लावून बसले. लहानपणी तो मला कुकू म्हणायचा. दुसऱ्या कुणाला हे नाव माहीत नाही. तो कुकू, कुकू म्हणत दार वाजवत राहिला. मी मुलांना विज्ञान शिकवते, एकनाथ. मी ऐकत राहिले. मी दार उघडलं नाही."

ती रडली नाही. रडली असती तर एकनाथला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मेलेल्या खजुरांमधून एकटी चालत आली. एकनाथ लांब उभा होता. म्हाताऱ्याने तिला येताना पाहिलं आणि तो उठून मागे सरकू लागला, जणू तोच तिला घाबरत होता. दोघांमध्ये विहीर होती. ती कठड्याला वळसा घालून गेली, त्याचा हात ओढून घेतला, हुंगला, आणि कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं. मग त्याला धरून ती वस्तीत शिरली, आडवाटेने नव्हे, मुख्य गल्लीतून. एकेक दार बंद होत गेलं. कड्यांचे आवाज त्यांच्या पुढे पुढे धावत होते. सगळ्या गल्लीत एकही माणूस उघड्यावर राहिला नाही, फक्त खिडक्यांच्या फटी काळ्या झालेल्या दिसत होत्या.

त्यानंतर एकनाथच्या दुकानाची पायरी कोणी चढेना. सलाम केला तर लोक त्याच्या आरपार बघत. मुघय्यबाला ज्याने घास दिला तोही त्यातलाच, असा हिशेब. मशिदीसमोर मरजानच्या चपला वेगळ्या दिसायच्या. बाकीच्यांचा ढीग एकीकडे, आणि मध्ये मोकळी जागा सोडून त्याचा एक जोड. खुदेजा निवडणूक हरली. तिच्या स्वतःच्या गल्लीनेही तिला मत दिलं नाही. सुफियानचा पुतण्या निवडून आला, पेढ्यांऐवजी हलवा वाटला गेला, आणि एकनाथचा विझा काही झाला नाही. खलास.

पण गोष्ट इथे थांबली नाही, कारण मरजानने घरी बसल्या बसल्या एक दिवस विचारलं, "माझ्या कबरीत कोण आहे?"

खुदेजाने हा प्रश्न एकनाथला जसाच्या तसा सांगितला. इतक्या भीतीत, इतक्या राजकारणात हे कोणालाच सुचलं नव्हतं. वादळानंतर वाडीच्या गाळात एक प्रेत सापडलं होतं. चेहरा उरला नव्हता. सुफियानची माणसं म्हणाली, मरजान आहे. लोकांनी मानलं. का मानलं? काळा होता. एवढंच. काळा होता म्हणजे वस्तीतलाच, म्हातारा वाटला म्हणजे मरजानच. बायकांना प्रेत दाखवलं नाही, आणि पुरुषांनी दोनदा पाहिलं नाही.

शुक्रवारी मरजान कबरस्तानात गेला. तिथल्या कबरींवर नाव नसतं, नुसता दगड. तो आपल्या दगडाशी बसला आणि मोठ्याने बोलू लागला, आपल्या बोलीत, शेजाऱ्याशी बोलावं तसं. एकनाथ कुंपणाबाहेरून बघत होता. बऱ्याच वेळाने एक जण आला, ज्याने जनाज्याची पुढची बाजू धरली होती तो. लांब उभा राहिला. मरजानने त्याला हाक मारली नाही, फक्त बोलत राहिला. तो माणूस हळूहळू जवळ आला, मरजानच्या खांद्याला हात लावला आणि पटकन मागे घेऊन तळव्याकडे पाहिलं. तळव्याला घाम लागला होता. मग तो तिथेच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. पुढच्या शुक्रवारी सात-आठ जण होते. जो आत होता त्याची ते माफी मागत होते आणि नाव माहीत नसल्यामुळे अडखळत होते.

एकनाथ निघायच्या दिवशी मरजान काठी टेकत दुकानाशी आला. शटर अर्धं खाली होतं.

"पाण्यात दोन दिवस राहिलं की सगळेच काळे होतात, भाई," तो म्हणाला. "माझ्या कबरीतला तुझ्याकडचाही असेल. इथे शेतांवर, होड्यांवर तुमची किती माणसं. तू घरी चाललास ना? गावोगाव विचार. कोणी परत यायचा राहिलाय का?"

एकनाथने हो म्हटलं. एवढंच त्याच्या हातात होतं.

घरी पोचल्यावर दोन दिवस तो नुसता झोपला. तिसऱ्या दिवशी सकाळी तिठ्यावरच्या चहाच्या टपरीत त्याने सहज विचारावं तसं विचारलं: तिकडे एका अनोळखी माणसाला पुरलंय; मस्कतला गेलेला, वादळापासून खबर नसलेला असा कोणी आजूबाजूच्या गावांत आहे का? चहावाल्याने नकारार्थी मान हलवली. एकनाथला सुटल्यासारखं वाटलं आणि तो घरी येऊन जेवला.

ऊन कलायच्या आत अंगणात बायका येऊन बसल्या होत्या. एक शिरोड्याची, एक आरोंद्याची, एक तर पार बांद्याहून रिक्षा करून आलेली. जयवंतीने बसायला चटया घातल्या होत्या, पाणी दिलं होतं, आणि आणखी दोघी फाटकातून आत येत होत्या. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. एकनाथ दारात आला तशा सगळ्या उठून उभ्या राहिल्या.

पुढच्या बाईने पदराखालून फोटो काढला. तो तिने त्याला दाखवला नाही, छातीशी धरला, आणि विचारलं, "काळो होतो काय वो तो?"